हलगी चावडीवर आली नाही

मी चित्रकलेची शिक्षिका म्हणून त्या गावच्या शाळेत लागले तेव्हा सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. आम्ही राहायचो दापोडीला, रुळांपलीकडच्या चाळीत. सकाळी नाशिककडे जाणारी एसटी धरायची, भोसरी आणि मोशी मागे टाकून कुरुळीला उतरायचं आणि तिथून आत मातीच्या रस्त्याने चालत गाव गाठायचं. पावसाळ्यात चपला हातात घेऊन.

शाळेत चित्रकला म्हणजे दोन अवघड तासांमधली विश्रांती. मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाई, मुलांना काय काढायचं ते काढू द्या, फक्त शेजारच्या वर्गाला आवाज जाऊ देऊ नका." रंगपेटी वर्गात एखाद्याकडेच. कागदाचीही बोंब. पण गावातले बरेच बाप एव्हाना पिंपरी-भोसरीच्या कंपन्यांत लागले होते. ते यंत्रांच्या सुट्या भागांना गुंडाळून आलेला खाकी कागद घरी आणायचे आणि घरच्या बाया तो फळीवर अंथरायच्या. मी मुलांना म्हटलं, फळीवर घालण्याआधी एक तुकडा मला आणा. दुसऱ्या दिवशी दप्तरांतून इतका कागद आला की माझं टेबल झाकून गेलं.

कागद मिळाला, तर काढायचं काय? मुलं डोंगर, सूर्य, नारळाचं झाड आणि झोपडी काढायची. नारळाचं झाड त्यांच्यातल्या कुणीही पाहिलं नव्हतं. मग मी त्यांना घेऊन गावात फिरायला लागले. कोळसा आणि गेरू बरोबर घ्यायचा, आणि जिथे कुणी हाताने काही करत असेल तिथे बसायचं. कुंभारवाड्यात चाक फिरत होतं. एका अंगणात एक म्हातारी बाई जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत होती. गावाच्या तोंडाशी मिस्त्रींचं दुकान होतं. ते विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचे आणि काम नसलं की खुर्चीवर मागे रेलून क्लॅरिनेट वाजवायचे. तरुणपणी ते चाकणच्या एका लग्नाच्या बँडमध्ये होते. कुटुंब त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावातलं, मशिदीशेजारचं. पण बायको वारल्यापासून ते दुकानातच राहायचे. मुलांनी त्यांचं चित्र काढलं तेव्हा ते गाल फुगवून अर्धा तास हलले नाहीत. शेवटी म्हणाले, "आता सोडा रे, जीव जाईल माझा."

सव्वीस जानेवारीला ती चित्रं आम्ही शाळेच्या व्हरांड्यात लावली. झेंडावंदनाला सरपंच आले होते. चाळिशीचा, हसरा, कुणाचं मन न मोडणारा माणूस. ते एकेका चित्रापुढे थांबले, आणि कुंभाराच्या चित्रापाशी बराच वेळ.

"बाई, हे आमचंच गाव हाय व्हय?" ते म्हणाले. "रोज बघतो, पण असं कधी बघितलं न्हाई. ही पोरं उद्या कंपनीत जाणार. चाक कसं फिरतं ते नंतर कोण सांगणार त्यांना? हे समद्या गावाला दाखवलं पाहिजे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "चित्रं कशाला दाखवायची? माणसंच दाखवू की. एक दिवस ज्यानं त्यानं आपलं दार उघडं ठेवायचं. येईल त्यानं आत यावं, बसावं, काम बघावं, हात लावून बघावा. आणि संध्याकाळी वाजवणारे-गाणारे सगळे एकत्र बसतील."

सरपंचांना ते एकदम पटलं. गावाची जत्रा चैत्रात असायची, तिला तमाशा यायचा, कुस्त्या व्हायच्या. ही वेगळी, माघातली, आणि बाहेरून काही न आणता. दिवस ठरला गुरुवारचा, कारण कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. गावात तिला कुणी कलामहोत्सव वगैरे म्हटलं नाही. 'बाईंची जत्रा' हेच नाव पडलं, आणि मला त्याची आधी लाज वाटली आणि मग सवय झाली.

शाळेच्या एका वर्गात बैठक झाली. मी फळ्यावर गावाचा नकाशा काढला. कुठून सुरुवात, कुठे वळायचं, कुणाची दारं उघडी असतील, ते खडूने दाखवत गेले. कुंभारवाडा, सुताराचा कारखाना, गोधडीवाल्या आजी, भजनी मंडळाच्या मृदंगवाल्यांचं घर, मिस्त्रींचं दुकान. माझी रेघ गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडे वळली तेव्हा वर्गातली कुजबुज थांबली.

खालच्या अंगाला मातंगांची वस्ती होती. तिथे एक म्हातारे गृहस्थ घायपाताच्या वाखाचे दोर वळायचे आणि हलगी वाजवायचे. माझ्या मुलांनी त्यांचंही चित्र काढलं होतं, पण ते काढलं होतं चावडीपुढे, कारण तिथेच ते दिसायचे. लग्न असो, बैलपोळा असो, कुस्त्या असोत, त्यांची हलगी कडाडल्याशिवाय गावात काही सुरू व्हायचं नाही.

"तिथवर रेघ नका ओढू, बाई," मागून कुणीतरी म्हणालं.

सरपंच घाईने म्हणाले, "त्ये येतीलच की चावडीवर वाजवायला. दरसालचंच हाय. त्यांच्या घरापर्यंत कशाला लोकांना पिदडायचं?"

मी खडू खाली ठेवला. "मी त्यांनाच विचारते," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ओढा ओलांडून गेले. अंगण शेणाने सारवलेलं होतं. दोन खुंट्यांना वाखाचे पेड ताणलेले होते आणि म्हातारे पाठमोरे उभे राहून त्यांना पीळ देत होते. मी हाक मारली, "आबा."

त्यांनी वळून पाहिलं नाही. मी पुन्हा म्हणाले, "आबा, जरा बोलायचं होतं." तेव्हा घरातून त्यांची सून बाहेर आली आणि म्हणाली, "मामंजी, तुमास्नी म्हनत्यात त्या." तोवर त्यांना वाटलं होतं की मी दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारतेय. गावातली लहान पोरंसुद्धा त्यांना नावाने अरे-तुरे करायची.

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाख पाण्याच्या बादलीत भिजत टाकला आणि विचारलं, "म्हंजे कुंभाराच्या घरात लोक जानार?"

"हो."

"सुताराच्या?"

"हो."

"आन् मी चावडीवर यायचं."

ते रागावलेले नव्हते. उलट अगदी शांत, विचार करून बोलल्यासारखे बोलत होते.

"बाई, माजं उभं आयुष्य दुसऱ्याच्या दारात वाजवन्यात गेलं. मांडवाच्या भायेर उभं ऱ्हायचं, वाजवायचं, पान वाढलं तर भायेरच बसून खायाचं. त्याचं काय न्हाई. बा बी तेच करत हुता. पन तुमी म्हनता ज्याची कला त्याच्या दारात. मंग माजी बी माज्याच दारात. ज्याला ऐकायचं त्यानं हितं यावं. चावडीवर मी न्हाई येनार."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"तर तुमी हाय की," ते म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

परतताना मी मिस्त्रींच्या दुकानात थांबले. ते एका इंजिनाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. मी झालेलं सांगितलं. त्यांनी हात बाहेर काढले, चिंधीला पुसले आणि डोकं खाजवलं.

"उस्ताद बरोबर बोलले," ते म्हणाले. गावात आबांना उस्ताद म्हणणारा हा एकच माणूस. "बँडमध्ये असताना आम्ही एकत्र वाजवायचो, बाई. बँडवाल्यांना मांडवात खुर्च्या मिळायच्या आणि ह्यांना भायेर. मी एकदा बँडच्या मालकाला म्हणालो, ह्यांना आत घ्या. मालक म्हणाला, तुलाच भायेर घालवू काय? मग मी गप बसलो. तरुण होतो, पोट होतं."

"मग चावडीवर तुम्ही एकटेच वाजवणार?"

"हलगीशिवाय माझं क्लारनेट म्हणजे उपाशी वासराचं हंबरणं. मी पण तिथंच जाणार, ओढ्यापल्याड."

ही बातमी गावभर फिरायला वेळ लागला नाही. सरपंच संध्याकाळी माझ्या एसटीच्या वेळेला कुरुळीच्या थांब्यावर आले. सायकल झाडाला टेकवली आणि माझ्याशेजारी उभे राहिले. खरं सांगायचं तर मला त्यांचं वाईट वाटलं. त्यांना आबांबद्दल आकस नव्हता. फक्त गावात कुणाशीच वाकडं नको होतं, आणि अशा माणसाची अशा वेळी फार ओढाताण होते.

"माझी स्वतःची काय हरकत न्हाई, बाई," ते म्हणाले. "पन चार घरं म्हनतात, आमी दारं उघडनार न्हाई. म्हनतात, आज लोक तिकडं जातील, उद्या तिकडचे आमच्या ओसरीवर येतील."

"आले तर काय होईल?"

ते खाली बघून म्हणाले, "मला बी ठाऊक न्हाई काय होईल. झालंच न्हाई ना कधी."

शेवटी त्यांनी त्यांच्या परीने तोड काढली. चावडीवरचा कार्यक्रम तसाच ठेवायचा. कंपनीतल्या पोरांनी एक ऑर्केस्ट्रा काढला होता, ॲकॉर्डियन, बोंगो आणि भाड्याचा लाउडस्पीकर, तो तिथे वाजेल. भजनी मंडळही तिथेच. आणि ज्याला ओढ्यापलीकडे जायचं, त्याने दुपार कलल्यावर जावं. कुणाला सांगायचं नाही आणि कुणाला अडवायचंही नाही.

मला तेवढंही पुरेसं वाटलं. नकाशावरची माझी रेघ मी पुसली नाही.

गुरुवार उजाडला. मी आदल्या दिवशीच शाळेतल्या एका बाईंकडे मुक्कामाला आले होते. सकाळी बाहेर पडले तर गावभर सडा घातलेला. दारं उघडी होती, आणि प्रत्येक उघड्या दाराला आंब्याची डहाळी. नाही म्हणणाऱ्या चार घरांपैकी दोनच घरांची दारं सकाळी बंद होती, पण शेजारच्या अंगणातला गलका ऐकून दहाच्या सुमाराला त्यांनीही उघडली. एका घरात तर दाखवायला काहीच नव्हतं, तरी घरधनीण उंबऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत होती, "या, माझ्या भाकरी बघा, गोल हाय का न्हाई?" आणि खरोखर तिच्या भाकरी टोपलीत एकावर एक अशा बसल्या होत्या की बघत राहावं.

कुंभारवाड्यात तर पाय ठेवायला जागा नव्हती. कुंभार एरवी अबोल माणूस. पण त्या दिवशी ओल्या मडक्याच्या आतून दगडी गोळा धरून बाहेरून फळीने कसं थापटायचं, ते प्रत्येकाला नव्याने दाखवत होता. कुरुळीत खोल्या घेऊन राहणारे कंपनीचे कामगार, बहुतेक मराठवाड्याकडचे, सुट्टीचे म्हणून टोळीने आले होते. त्यांच्यातला एक धिप्पाड गडी चाकावर बसला. त्याच्या हाताखाली माती एकदा वर चढली आणि लगेच बसकण मारून पसरली. सगळे हसले. तो म्हणाला, "राव, लेथ चालवतो मी कंपनीत, हे काय अवघड असंल म्हणलं!" कुंभार म्हणाला, "तुझ्या लेथीवर मला बसवलं तर मी काय करीन? बस, परत कर." तो दुपारपर्यंत उठला नाही. जाताना एक वाकडी वाटी त्याने भाजायला ठेवून दिली आणि कुंभाराला दहा वेळा बजावलं, दुसऱ्याला देऊ नका म्हणून.

गोधडीवाल्या आजींच्या अंगणात बायका बसल्या त्या उठेनात. आजी एकेका ठिगळावर बोट ठेवून सांगत होत्या, हे माझ्या बाळंतपणातलं लुगडं, हा माझ्या धन्याचा सदरा, ही पोरीच्या झबल्याची किनार. एक बाई मध्येच डोळे पुसायला लागली.

मी सगळीकडे फिरत होते, पण माझं लक्ष सूर्याकडे होतं.

दुपार कलली. मिस्त्रींनी दुकानाची फळी लावली, धुतलेला पांढरा सदरा घातला, क्लॅरिनेट काखेत धरलं आणि ते गावाच्या मधल्या रस्त्याने ओढ्याकडे निघाले. चावडीपुढून जाताना त्यांना कुणीतरी हाक मारली, "मिस्त्री, हिकडं बसा की, माईक हाय." ते नुसते हात हलवून पुढे गेले.

मी माझ्या वर्गातल्या मुलींना घेऊन त्यांच्या मागे गेले. लेथवाला गडी आणि त्याचे तीन-चार सोबती आले. त्यांना गावातलं कुणाचं कोण आणि कुठली वस्ती हे काही माहीत नव्हतं. संगीत आहे एवढंच ऐकलं होतं. बस्स, एवढीच माणसं.

आबांनी फेटा बांधला होता. अंगणात नव्या दोरांची वेटोळी मांडून ठेवली होती, बैलगाडीचे जाड नाडे, बारीक कासरे, झोळीच्या दोऱ्या. एका कोपऱ्यात पाचटाची शेकोटी होती आणि आबा हलगी तिच्यावर धरून कातडं शेकत होते. अधूनमधून बोटाने टिचकी मारून आवाज बघत होते. सुनेने चुलीवर चहाचं मोठं पातेलं चढवलं होतं आणि ती दारातून सारखी रस्त्याकडे बघत होती. मी तिच्याजवळ गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाई, दूध लई घातलं मी. कोन पिनार हाय एवढं?"

माणसं येत होती, नाही असं नाही. पण ओढ्याच्या गावाकडच्या काठावर एक मोठी चिंच होती, तिथे येऊन थांबत होती. आधी पाच-सहा, मग वीस, मग त्याहून जास्त. बायका डोक्यावरचे पदर ओढून मागे, पुरुष पुढे. तिथून अंगण दिसत होतं. पुढे कुणी येत नव्हतं.

मिस्त्रींनी क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि आबांकडे पाहिलं. आबांनी नकारार्थी मान हलवली.

"तिथून ऐकायला नगं," ते म्हणाले. "येऊ द्या."

आम्ही थांबलो. शेकोटी विझत आली. दूर चावडीवर लाउडस्पीकरमधून कुणीतरी "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणत होतं. लेथवाल्या गड्याला काय चाललंय ते कळेना, त्याने मला विचारलं, "बाई, कुणाची वाट बघायलोत?" मी चिंचेकडे बोट केलं. आबा मांडीवर हलगी घेऊन ताठ बसले होते. मधूनच कातड्यावर तळहात फिरवून ते गार पडलं का ते बघत होते.

तेवढ्यात चिंचेखालची गर्दी मधून फाकली. काठी टेकत सरपंचांची आई येत होती. गावात तिला थोरली आई म्हणत. सत्तरीच्या घरातली, ठेंगणी, कडक बाई. सुना तिला टरकून असायच्या. मला वाटलं, आता ही सगळ्यांना घरी हाकलणार. ती ओढ्यातल्या दगडांवर पाय ठेवत, कुणाचाही हात न धरता अलीकडे आली, अंगणात उभी राहिली आणि धाप ओसरेपर्यंत काठीवर रेलली. आबा उठून उभे राहिले, अंग चोरून, सवयीने.

"बस की," ती म्हणाली. "वाजवत का न्हाईस?"

"थोरल्या आई, तुमी कशाला एवढं..."

"माझ्या लग्नात तुझा बा वाजवत हुता. व्हय ना?"

"व्हय जी."

"आन् तू?"

आबा एकदम हसले. मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. "त्याच दिशी पहिल्यांदा बानं मला हलगी धरू दिली. एवढासा हुतो. तुमची वरात वेशीतून आत आली ना, तवा शेवटाला जी वाजली ती माझी."

"मी बी एवढीशीच हुते," थोरली आई म्हणाली. "आवाज कानात घुमत हुता. वाटायचं, वर बघावं, कोन वाजवतंय, कसं वाजवतंय. पन आयनं मान वर करू दिली न्हाई. म्हनाली, नवरीनं बघायचं नसतं. नंतर पोरांची लगनं झाली, नातवांची झाली, मी आपली आत, चुलीम्होरं. आयुष्यभर ऐकलं रे. बघितलं न्हाई कधी." ती इकडे-तिकडे बघायला लागली. "मला टेकायला काय दे."

सुनेने धावत जाऊन घोंगडी आणली आणि अंथरली. थोरली आई तिच्यावर बसली, काठी आडवी ठेवली, आणि पातेल्याकडे हनुवटी करून म्हणाली, "चहा नुसता उकळतोय का कुनाला देनार बी हायस, पोरी?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. तिने पितळेच्या पेल्यात चहा ओतला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. थोरल्या आईने तो घेतला, फुंकर घातली, पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "साखर कमी हाय." मग आबांना, "हां, वाजीव आता."

आबांनी पुन्हा एकदा हलगी निखाऱ्यांवर धरली. मग बारीक काडी आणि जाड टिपरू त्या कातड्यावर असे पडले की चिंचेवरचे बगळे उडाले. थोरली आई त्यांच्या हातांकडे बघत होती. मान वर करून, डोळे न मिटता. एका हाताची काडी कशी नुसती थरथरते आणि दुसऱ्या हाताचं टिपरू कसं मधूनच ठाम पडतं, ते ती लहान मुलीसारखी बघत होती. मिस्त्रींनी थोडं ऐकून घेतलं आणि मग क्लॅरिनेटचा लांब सूर त्यात सोडला. तो सूर ओढ्यावरून गावाकडे गेला.

चिंचेखाली गडबड उडाली ती सरपंचांमुळे. आई घरात नाही म्हणून ते शोधत आले होते. गर्दीने वाट दिली. ते ओढ्याच्या कडेला थांबले, पलीकडे आई चहा पिताना बघितली आणि त्यांचा चेहरा असा झाला की आजही मला हसू येतं आणि कणवही येते. ते अलीकडे आले. "आये, चल घरी," हलक्या आवाजात म्हणाले.

"बस खाली," ती म्हणाली. "मधी बोलू नगं, ऐकू येत न्हाई मला."

सरपंच बसले. आणि सरपंच बसले म्हटल्यावर बाकीच्यांना उभं राहायला कारण उरलं नाही. सगळे आले असं मी म्हणणार नाही. बरेच जण चिंचेखालूनच परत फिरले, आणि काही तिथेच शेवटपर्यंत उभे राहिले. पण अंगण भरलं. कुंभार आला, गोधडीवाल्या आजी आल्या, भजनी मंडळाचे मृदंगवाले आले, आणि मग त्यांना राहवेना, मृदंग आणायला कुणाला तरी पिटाळलं. कंपनीच्या पोरांचा ऑर्केस्ट्रा चावडीवर रिकाम्या जाजमांपुढे दोन गाणी वाजवून कंटाळला आणि बोंगो घेऊन इकडेच आला. ॲकॉर्डियनवाला पोरगा आबांना म्हणाला, "काका, ठेका जरा सोपा धरा ना, आम्हाला पकडता येईना." आबा म्हणाले, "सोपाच हाय. तू लई विचार करतूस." दूध जास्त झालं नव्हतं. सुनेला दुसरं पातेलं चढवावं लागलं.

अंधार पडायच्या आत सगळे पांगले. थोरल्या आईला मिस्त्रींनी कुणाच्या तरी सायकलच्या कॅरिअरवर बसवून ओढ्याच्या वरच्या वाटेने घरी पोचवलं.

त्यानंतर गावात चमत्कार झाला नाही. थोरल्या आईच्या माहेरच्यांनी काही दिवस तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. ती म्हणाली, "बरं झालं, पाहुणे कमी झाले." पुढच्या लग्नसराईत एका घरी आबांना पुन्हा मांडवाबाहेर उभं केलं. पण आबांनी हलगी काखोटीला मारली आणि सरळ घरची वाट धरली, वाजवायला नकार देऊन. वरात बिनहलगीची निघाली आणि गावाने ती नावं ठेवण्यासारखी गोष्ट मानली. दुसऱ्या घरच्यांनी त्यातून धडा घेतला आणि आबांसाठी मांडवात घोंगडी टाकली. तिसऱ्यांनी चाकणचा बँड आणला आणि प्रश्नच मिटवला. असं कुठे पुढे, कुठे मागे चालू राहिलं.

बाईंची जत्रा मात्र पुढची काही वर्षं भरली, आणि संगीत दरवर्षी ओढ्यापलीकडेच झालं. ठरवून नव्हे, कुणी चावडीचं नावच काढलं नाही. पुढेपुढे माणसं कमी होत गेली. गुरुवारची सुट्टी सगळ्यांना सारखी राहिली नाही, कुणाची शिफ्ट, कुणाचा ओव्हरटाइम. मिस्त्रींनी चाकणच्या बाजारात दुकान टाकलं. तिथे ट्रकची कामं भरपूर होती. तरी त्या दिवशी ते क्लॅरिनेट घेऊन यायचे.

माझं लग्न ठरलं आणि मी नोकरी सोडणार होते, त्या वर्षीची जत्रा मला सगळ्यांत जास्त आठवते. आबांचा उजवा हात अधू झाला होता. मिस्त्री आले, शेकोटी पेटली, माणसं बसली, आणि आबा हलगी मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. मग त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "ये गं."

सून बाहेर आली. हात पदराला पुसत होती. आबांनी हलगी तिच्याकडे दिली. लोकांत चुळबुळ झाली. बाईमाणसाने हलगी वाजवलेली कुणी बघितली नव्हती.

"दुसऱ्याच्या मांडवात वाजवू दिली असती का हिला?" आबा मिस्त्रींना म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हे आपलं दार हाय. घरात रोज वाजवती. तुमी बी ऐका."

तिने मांडी घातली, कुणाकडे न बघता सुरुवात केली. आधी हात बुजत होता. मिस्त्रींनी क्लॅरिनेट खाली ठेवलं आणि नुसती मान डोलावत राहिले, तिला वाट देत. हळूहळू तिचा खांदा सैल झाला, टिपरू जागच्या जागी पडायला लागलं, आणि मग तिने असा वेग धरला की पुढे बसलेल्या माझ्या वर्गातल्या मुली एकमेकींचे हात धरून उठल्याच. आबांनी डोळे मिटून घेतले होते. मध्येच ते एकदा ओरडले, "पळू नगं! दमानं!" तिने ऐकलं आणि लय खाली घेतली. तिच्या चेहऱ्यावर घाम होता आणि ती हसत होती. तेव्हा मिस्त्रींनी क्लॅरिनेट उचललं.